चार वाक्यांची साक्ष

दुभाषी ताई टाळी वाजवायच्या तेव्हा आम्ही सगळे हसायचो. आता आठवतं तेव्हा तीच टाळी कुठेतरी दार आपटल्यासारखी ऐकू येते.

आमच्या ख्रिस्ती मंडळीतून एक टीम परदेशी निघाली होती, तळ्याकाठच्या युवक शिबिरांसाठी. तिकडची मुलं वेगळ्या भाषेची. इथला माणूस एक वाक्य बोलणार, थांबणार, ताई ते त्यांच्या भाषेत सांगणार, मग पुढचं वाक्य. ताई तिकडे बरीच वर्षं राहून आल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की वाक्य लांबलं की मुलं पाय हलवायला लागतात, आणि एकदा पाय हलले की देवदूत आला तरी कुणी वर बघत नाही. म्हणून सरावात वाक्य जरा वाढलं की त्या टाळी वाजवायच्या. टाळी वाजली की वाक्य मोडायचं.

चर्चमागच्या जुन्या वसतिगृहात टीमचं प्रशिक्षण चाललं होतं. मी स्वयंपाक बघत होते. नवरा जहाजावर, घरी मी आणि भुंगी दोघीच. भुंगी म्हणजे माझी मुलगी, अडीच वर्षांची, दिवसभर गुणगुणत फिरणारी. चर्चचे पाळक म्हणाले, इथेच राहा, एक खोली आहे, तेवढीच मदत होईल. आणि मला यायचंच होतं, कारण टीममध्ये बेडूक होता.

बेडूक माझा धाकटा दीर. लग्न होऊन मी आले तेव्हा तो शाळेत होता, दप्तर भिरकावून आधी पाण्यात उडी मारणारा. मग त्याला फिटचे झटके यायला लागले आणि सासूबाईंनी त्याचं पाणी तोडलं. अंघोळीलासुद्धा दार उघडं ठेवायला लावायच्या. पुढे चांगला डॉक्टर भेटला, गोळ्या लागू पडल्या, मंडळीने त्याच्यासाठी उपास केले, आणि झटके थांबले. वर्षांमागून वर्षं गेली, एकही नाही. मग डॉक्टरच म्हणाले, पोहू द्या त्याला, गोळी चुकवू नका म्हणजे झालं. आता एकोणीस वर्षांचा दांडगा पोरगा झाला होता. शिबिरात मुलांना तळ्यात उतरवायचं काम त्याच्याकडेच होतं.

देवाने आपल्यासाठी काय केलं ते प्रत्येकाने उभं राहून सांगायचं, ती साक्ष. त्याची साक्ष पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी हॉलच्या दारात वाटाणे सोलत बसले होते. तो उभा राहिला, घसा खाकरला आणि एका दमात म्हणाला, "मला लहानपणी झटके यायचे, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्या मी रोज घेतो, आणि मंडळीने माझ्यासाठी उपास-प्रार्थना केली, आणि देवाच्या कृपेने गोळ्या चालू असताना आता मला..."

टाळी.

"अरे बाबा, माझाच श्वास संपला," ताई म्हणाल्या. "हे सगळं मी एका घासात कसं गिळू? तोड."

तोडायला सगळेच धावले. टीममधला गिटारवाला म्हणाला, आधी 'मला झटके यायचे' एवढंच. मग 'मंडळीने प्रार्थना केली'. मग 'देवाने ऐकलं'. मग 'आता झटके येत नाहीत'.

"आणि गोळ्या?" बेडकाने विचारलं.

"गोळ्यांचं नाव काढलं की साक्ष डॉक्टरकडे जाते," ताई म्हणाल्या. "मुलं विचारतील कुठली गोळी, कोणत्या रंगाची. मला त्या भाषेत औषधांची नावं येत नाहीत रे राजा. राहू दे."

शिट्टी सरांनीही मान डोलावली. सर म्हणजे टीमचे प्रमुख. आधी शाळेत खेळ शिकवायचे, गळ्यातली शिट्टी प्रार्थनेतसुद्धा निघत नसे. "छान झालं," ते म्हणाले. "म्हण बघू पुन्हा."

तो म्हणाला. चार वाक्यं, चार थांबे. खरंच छान वाटलं. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं आणि वाटाणे तसेच राहिले.

त्यानंतर ती चार वाक्यं रोज कानांवर पडायची. जेवणाआधी, व्यायामानंतर, पाळक भेटायला आले की. भुंगीलासुद्धा पाठ झाली. बाहुलीला मांडीवर घेऊन ती म्हणायची, "देवाने ऐकलं," आणि थांबायची, ताईंच्या भाषांतरासाठी.

बेडूक संध्याकाळचा चहा स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसून प्यायचा. आधी पँटच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढायचा, चांदीचा कागद कुरकुरायचा, गोळी तोंडात जायची. सासूबाई फोनवर रोज विचारायच्या, "बेडकाने गोळी घेतली ना गं?" आणि मी न बघता सांगायचे, "घेतली आई." आवाज ऐकलेला असायचा, बघायची गरज काय.

आई झाल्यापासून माझे कान डोळ्यांपेक्षा पुढे धावतात. भुंगी दुसऱ्या खोलीत कूस बदलते तरी मला जाग येते. म्हणूनच एका संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं आणि 'घेतली' हा शब्द माझ्या ओठांवर अडला. आज कागद कुरकुरला नव्हता. कालही? मी आठवायला लागले. आठवेना.

"वर खोलीत घेतो आता," मी विचारल्यावर तो म्हणाला. हसला. मी पण हसले. तसंच सासूबाईंना सांगून टाकलं.

पण मग मी बघायला लागले, आणि एकदा बघायला लागलं की दिसायचं थांबत नाही.

सकाळी न्याहारीला त्याच्या हातातला कप उडाला. निसटला नाही, उडाला. कुणी खालून कोपराला धक्का द्यावा तसा. चहा गिटारवाल्याच्या अंगावर. "बेडका, पोहायला चहा पुरत नाही रे," तो ओरडला आणि सगळे हसले. बेडूकही हसला, पण त्याने दुसरा हात पहिल्या हातावर घट्ट दाबून धरला होता.

मग एकदा गाण्याच्या सरावात तो मध्येच थांबला. तोंड उघडं, डोळे भिंतीवर. बाकीचे पुढच्या कडव्यावर गेले, तो तिथेच. मग पापण्या फडफडल्या आणि तो भलत्याच ओळीवर गायला लागला. ताईंनी कौतुकाने माझ्याकडे बघितलं. "किती तल्लीन होतो गं हा."  माझ्या हातात ओला फडका होता, तो मी पिळत राहिले, त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

मग उशीचा अभ्रा. सगळ्यांचे अभ्रे मीच धुवायचे. त्याच्या अभ्र्यावर तपकिरी डाग होता, रुपयाएवढा. तो जेवायला बसला तेव्हा मी मुद्दाम तिखट रस्सा वाढला. पहिल्याच घासाला त्याने जीभ आत ओढली आणि डोळे मिटले. झोपेत चावली गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला बटाटे सोलायला बसवलं. सोलाणं माझ्याकडे ठेवलं, सुरी तर दिलीच नाही. उकडलेले बटाटे, नुसती सालं ओढायची. त्याच्या लक्षात आलं.

"सुरी का नाही दिलीस?"

"तूच सांग."

 भुंगी आमच्यामध्ये बसून सालं पायाला चिकटवत होती.

"केव्हापासून घेत नाहीयेस?"

"वहिनी, तू रागावशील."

"रागावलेच आहे. पुढे बोल."

त्याने बटाटा खाली ठेवला. "मी रोज उभा राहून म्हणतो, देवाने ऐकलं, आता झटके येत नाहीत. आणि संध्याकाळी इथे येऊन गोळी खातो. मग मी खोटारडा नाही झालो? तिकडची मुलं माझ्याकडे बघून विश्वास ठेवणार. आणि माझ्या खिशात पाकीट. मला ते जमेना."

"मग वाक्यात गोळी घाल परत."

"वाक्य लांब होतं."

हे तो थट्टेत म्हणाला नाही. अगदी सरळ म्हणाला. या पोराने आयुष्यात कधी शाळेची चिठ्ठीसुद्धा खोटी लिहिली नव्हती. वाक्य खोटं पडतंय म्हटल्यावर त्याला वाक्य बदलावंसं वाटलं नाही. त्याने स्वतःला वाक्याएवढं कापून घेतलं.

"अरे, देवाने गोळ्यांमधून ऐकलं असेल."

"असेल. पण साक्षीत तसं नाही ना."

"आणि हा हात उडतो तो? उशीवरचं रक्त?"

"परीक्षा आहे," तो म्हणाला. "आता मागे हटलो तर सगळंच गेलं."

"मी सरांना सांगणार आहे."

"सांग. मी कुठे काही लपवतोय?" तो उठला. दारात वळून म्हणाला, "आईला मात्र नको."

मी भुंगीला कडेवर घेतलं आणि तशीच सरांच्या खोलीत गेले. सर सामान मोजून पेट्यांत भरत होते. माझं ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला. ते वाईट माणूस नव्हते, हे पुन्हा सांगते. त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली आणि बराच वेळ तोंडावरून हात फिरवत बसले.

"बरं केलंस सांगितलंस. मी बोलतो त्याच्याशी. पण दुपारी मंडळीतली मुलं पाण्याच्या सरावाला येतायत, आईबापांसकट. ती गेली की त्याला शांतपणे बसवतो. सगळ्यांसमोर नको, पोराचं मन मोडेल."

"सर, आज त्याला पाण्यात उतरवू नका."

"हो हो. बघतो ना मी."

त्या 'बघतो'वर मी परत आले. गॅसवर सूप होतं, पंचवीस-तीस माणसांचं. ढवळत होते, पण कान तलावाकडे. पोहण्याचा तलाव वसतिगृहाच्या मागेच, मध्ये फक्त एक भिंत. मुलांचा कालवा सुरू झाला. मग शिट्टी. शिट्टी वाजली की प्रत्येक मुलाने आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा, म्हणजे पाण्यात कुणी हरवलेलं नाही हे एका नजरेत कळतं, असा तो सराव. शिट्टी वाजली की कालवा थांबायचा, एक भयाण शांतता पडायची, आणि मग पुन्हा कालवा. आणि त्या कालव्यात मला त्याचा आवाज ऐकू आला. "चला, पुढचा कोण? घट्ट धरायचं मानेला!"

मी गॅस बंद केला.

तो छातीभर पाण्यात होता. पाठीवर एकेक मूल घेऊन खोल भागातून पलीकडे न्यायचं आणि परत आणायचं, असं चाललं होतं. सर दुसऱ्या टोकाला एका वडिलांशी बोलत होते. मला बघून त्यांनी हाताने खूण केली, नंतर, नंतर. मुलं लवकर आली, गडबड झाली, तो आपणहून उतरला, असं ते पुढे म्हणाले. तसंच झालं असेल.

ऊन होतं. पाणी इतकं निळं आणि स्वच्छ की तळाची फरशी न् फरशी दिसत होती. बेडूक एका मुलीला काठावर उतरवून वळला आणि त्याला भुंगी दिसली. माझं बोट सोडून ती आधीच काठाशी पोहोचली होती.

"अगं ये, भुंगाबाई! बसणार का बेडकावर?"

त्याने दोन्ही हात वर केले. ती झेपावली. मी मागून तिचा फ्रॉक पकडला, शिवण उसवल्याचा आवाज आला.

"सोड ना वहिनी, घेतो मी."

"नाही."

"अगं एकच फेरी."

"तू बाहेर ये आधी."

आजूबाजूचं बोलणं थांबलं. भुंगी रडायला लागली. त्याचे हात अजून वरच होते, त्यांतून पाणी गळत होतं. चेहऱ्यावरचं हसू जाऊन तिथे काय आलं ते मला लिहवत नाही.

"का? सांग ना सगळ्यांना का ते."

तो मला अडवायला म्हणाला होता. मी अडणार नाही हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

"याने झटक्यांच्या गोळ्या बंद केल्यात," मी म्हणाले. माझा आवाज मला परका वाटला. "सकाळी हात उडतात त्याचे. याच्या पाठीवर मुलं देऊ नका."

 मग एक बाई पुढे झाली आणि तिने आपल्या मुलाला बखोटीला धरून पाण्याबाहेर ओढलं. मग दुसरी. मग सगळ्याच. भराभरा मुलं निघाली, एवढ्या मोठ्या निळ्या पाण्यात तो एकटा उभा राहिला, आणि लाटा हळूहळू निवल्या.

तो बाहेर आला. माझ्याकडे न बघता टॉवेल उचलला आणि कपडे बदलायच्या खोलीत गेला. कडी घातल्याचा आवाज आला. मग नळ सोडल्याचा.

भुंगीला ताईंच्या हातात देऊन मी त्या दाराशी गेले.

"बेडका."

नळ वाहत होता.

"कडी काढ. आत यायचं नाही मला. नुसती काढून ठेव."

"जा तू."

"जाते. कडी काढ मग जाते."

"वहिनी, दुसरं कुणी बोललं असतं तर... तू? तुला माझ्यावर एवढापण..." आवाज रडका होता. "मी भुंगीला कधी... मी कधी तिला..."

मी पुढच्या शब्दाची वाट बघितली.

आधी बादली घरंगळली. मग काहीतरी जड पडलं. मग फरशीवर पाय आपटायला लागले, एका लयीत. मी दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. सर धावत आले, मला बाजूला सारलं, खांदा लावला. एकदा, दोनदा. कडी निखळली.

नळ तसाच चालू होता. पाणी जायच्या जाळीवर टॉवेल पडला होता, पाणी तुंबून फरशीवर चढलं होतं, आणि तो त्यात पालथा होता. पाणी माझ्या घोट्यापर्यंतसुद्धा नव्हतं. त्याच्या नाकापर्यंत होतं.

मी त्याला कुशीवर वळवलं आणि मान तळहातावर धरली. सरांनी नळ बंद केला, टॉवेल ओढला. गिटारवाला चमचा घेऊन धावत आला. "तोंडात काही घालायचं नाही," मी म्हणाले, "हात धरू नका, फक्त डोकं आपटू देऊ नका." दाराबाहेर मुलं होती, आईबाप होते. ताईंनी आपली ओढणी घडी करून त्याच्या डोक्याखाली सरकवली. त्या प्रार्थना करत होत्या, पण ओठ नुसते हलत होते, शब्द फुटत नव्हते. सर भिंतीला टेकून ओल्यातच बसले. "मी विचारणारच होतो," ते म्हणत राहिले. "मुलं गेली की विचारणारच होतो."

शरीर शांत झालं तेव्हा तो मोठ्याने घोरायला लागला. एवढा सुंदर आवाज मी भुंगीच्या पहिल्या रडण्यानंतर ऐकला नव्हता.

इस्पितळात संध्याकाळी त्याला नीट जाग आली. छातीत थोडं पाणी गेलं होतं, जीभ सुजली होती. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. नर्सने ती कागदी कपात आणून ठेवली आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. तो कपाकडे बघत राहिला.

"सर काय म्हणाले?"

"टीम तुझ्याशिवाय जाणार. ताई खाली बसल्यात. वर यायचं धाडस होत नाहीये त्यांना."

"त्यांचा काय दोष?"

 दोष वाटून देण्याइतकी ताकद माझ्यात उरली नव्हती. भुंगी माझ्या खांद्यावर झोपली होती, तिचा फ्रॉक पाठीवर उसवलेला.

"तू तिला दिलं नाहीस माझ्याकडे," तो म्हणाला.

"नाही दिलं."

"पाण्यातून सगळ्यांनी पोरं ओढून घेतली, वहिनी. मी रोगी असल्यासारखी."

"हो. बघितलं मी."

"पुन्हा देशील?"

खोटं बोलणं सोपं होतं. आजारी पोराला आई जे सांगते ते सांगायचं, की देईन रे, झोप आता. पण या मुलाशी अर्धवट खरं बोलून काय होतं ते मी नुकतंच फरशीवर पाहिलं होतं.

"पाण्यात नाही," मी म्हणाले. "डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. आणि तेव्हाही तू गोळी घेतलेली मी डोळ्यांनी बघेन, मग देईन."

तो रागावला. नाकपुड्या फुगल्या, त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं आता कप तसाच राहणार, आणि मी इथे बसून त्या कपाची राखण करणार, आज, उद्या, किती दिवस कुणास ठाऊक. खाटेखालच्या सावल्या लांब होत गेल्या. शेजारच्या खाटेवरचे म्हातारबाबा खोकत होते.

मग त्याने हात लांब केला. गोळी घेतली, पाणी प्यायला, गिळताना जीभ दुखली तसा कळवळला. आणि माझ्याकडे फोन मागितला.

त्याने कुणाला लावला हे मला पहिल्या शब्दावरच कळलं.

"आई," तो म्हणाला. सुजलेल्या जिभेमुळे शब्द जड येत होते. "मला झटका आला. नाही, ऐक ना आधी. मी गोळ्या सोडल्या होत्या म्हणून आला. मीच सोडल्या होत्या, वहिनीला ठाऊक नव्हतं. नाही गं, पाण्यात नाही. वहिनीने मला पाण्यात राहू दिलं नाही."

पलीकडे सासूबाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. तो ऐकत राहिला, फोन कानाशी दाबून, दुसऱ्या हाताने पांघरुणाची कड घट्ट धरून. तो हात जरासा उडाला. आमचं दोघांचंही तिकडे लक्ष गेलं, आणि तो पुन्हा उडतो का ते बघत आम्ही दोघंही श्वास रोखून बसलो.